धूर नसलेलं जेवण

आई गेली त्या दिवशी घरातली चूल विझली. सुतकात शेजारी जेवण आणून देत. तेरावं झालं, मुंबईहून आलेला भाऊ परत निघाला, आणि जाताना पितळेचा उंच कुकर ठेवून गेला. तळाशी निखाऱ्यांची जाळी, वर एकावर एक तीन डबे.

“खाली निखारे, वर भात, डाळ, भाजी. झाकण लाव नि शाळेत जा. तू येयसर सगळा तयार,” तो म्हणाला.

मी गावातल्या शाळेत शिकवत असे. घरी बाबा एकटे. गलबतावर आयुष्य काढलेल्या माणसाचा उजवा हात लुळा पडला होता. पेटती चूल त्यांच्यावर सोपवून जायची माझी छाती नव्हती. चुलीला लागूनची पडवी चुडतांनी, नारळाच्या सुक्या झावळ्यांनी, शाकारलेली होती. कुकरमुळे निदान विस्तव बंद राहील, असं मी स्वतःला समजावलं. तरी मुलांना कविता शिकवताना मन त्या जाळीपाशी असे. एखादी ठिणगी बाहेर पडली तर? झाकण काढायला जाऊन बाबांचा हात भाजला तर?

त्यातलं काही झालं नाही. झालं ते वेगळंच. उकड्या तांदळाचा भात मऊ शिजे, आमटी गरम असे, आणि बाबा दोन घास खाऊन ताट सारत.

“भात बरो आसा,” म्हणत, आणि उठत.

मी सोड्यांचं कालवण करून पाहिलं, कुळथाची पिठी करून पाहिली. ताट तसंच परत येई. त्यांच्या गळ्याखालची हाडं दिसू लागली. आईमागोमाग हेही जाणार, ही भीती मी कुणाला सांगितली नाही.

एका रविवारी दगडी गडग्यापलीकडून शेजारच्या काकी म्हणाल्या, “मास्तरीणबाय, तुमच्या कौलांतसून धूर येना नाय. वाऱ्यार जगतास की काय? की सुतक अजून फिटाक नाय?”

मी हसले. आत बाबांनी पुढ्यातलं ताट बाजूला केलं.

“बाबा, कित्याक जेवनास नाय?”

ते चुलीकडे बघत म्हणाले, “चूल थंड आसताना घरात जेवूचा नसता गो. ता मेलेल्याच्या घरात. तुझी आवस अजून हयच आसा, उचलूक नाय असा वाटता.”

चूल पेटवून गेले तर आगीची भीती, न पेटवावी तर ते जेवणार नाहीत. त्या रात्री मी पुस्तक उघडून बसले, पण एक ओळ वाचली नाही.

पुढे काही दिवसांनी शाळेतून येताना व्हाळाच्या पाण्याजवळच्या वळणावरून आमच्या कौलांवर धूर दिसला. दाट, काळपट. वह्या तिथेच टाकून मी धावले.

बाबा चुलीपुढे पाटावर बसले होते. डाव्या हातात फुंकणी, चुलीत नारळाच्या काथ्याची ओली सोडणं, वर चहाचं आधण. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“धावत कित्याक इलंस?”

“धूर दिसलो म्हणान.”

“दिसूचो म्हणानच केलंय. त्या काकीक सांग, आमी वाऱ्यार जगनव नाय.” मग कुकरकडे हनुवटी करून म्हणाले, “उघड तो तुझो डबो. भूक लागली हा.”

त्या दिवशी त्यांनी दोनदा भात मागून घेतला.

मग रोज दुपारी ते चहापुरती चूल पेटवत आणि कुकरमधलं जेवत. मी रोज वळणावर थांबून वर बघे. धूर जास्त दिसला तरी धावत सुटे, दिसेना झाला तरी धावत सुटे. अशी काही वर्षं गेली. एका दुपारी धूर नव्हता.

आता घरात मी एकटी आहे. कुकरची जाळी गंजून तुटली. तीन डब्यांपैकी एकात मीठ आहे, दोन रिकामे आहेत. चूल मी रोज पेटवते.