काळं न वाढणारे दाजी

भुकेल्या माणसाला थांबवून धरण्याची विद्या आमच्या दाजींना होती. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. दुसरबीडजवळ रस्त्याला लागूनच त्यांचा ढाबा. ट्रकवाले उतरत, टेबलावर थापा मारत, आणि दाजी हात मागे बांधून भट्टीपाशी शांत उभे. जाळ बसून निखाऱ्यांवर पांढरी राख धरेपर्यंत कोंबडीचा एक तुकडा जाळीवर चढत नसे. कुणी फार घाई केली की म्हणत, "जाळावर जळते ते मढं. जेवण निखाऱ्यावर होते." लोक चिडत, मग हसत, आणि थांबत.

ते पहिल्यापासून असे नव्हते. आधी त्यांच्याकडेही सगळ्यांसारखंच भडक जाळावर भाजणं चाले, आणि आमच्या बाबांना त्यातला करपलेला भागच आवडे. "कडक झालेलं इकडं टाका," असं ते जावयाला हक्कानं सांगत. मग बाबांना आतड्याचा कॅन्सर निघाला. जालन्याला ऑपरेशन झालं. मुलगा नसलेल्या माणसाच्या उशाशी तेव्हा दाजी बसून राहिले. ढाबा बंद ठेवून, बाबांची पथारी झटकत, त्यांना धरून चालवत. दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी दाजींनीच डॉक्टरांना विचारलं, "माह्या हातच्या खाण्यानं झालं का हे?" डॉक्टर म्हणाले, असं एका गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. पण लाल मटण कमी करा, आणि मांस जाळावर काळं करून खाणं टाळलेलंच बरं. त्या काळ्यात घातक द्रव्यं तयार होतात.

तो सगळा उन्हाळा त्यांनी भट्टीपाशी काढला. कोंबडी दही, लिंबू, लसूण लावून मुरवायची. आधी झाकणाच्या पातेल्यात अर्धी शिजवून घ्यायची, म्हणजे विस्तवावर थोडाच वेळ लागतो. निखारे एका अंगाला, तुकडे दुसऱ्या अंगाला. चरबी विस्तवावर गळून धूर उठता कामा नये. एवढं करूनही कुठे कड काळी झाली तर ती कात्रीनं कापून टाकायची. मटण जवळजवळ बंद झालं, आणि जाळीवर वांगी, कांदे, मक्याची कणसं जास्त दिसू लागली. हातातला चिमटा तर थांबतच नसे. "फिरवत राह्यलं का काळं धरत नाही," ते म्हणत.

मी जवळच्या बीबी गावच्या शाळेत शिक्षिका. माझं अक्षर चांगलं, म्हणून ढाब्याची पाटी दाजींनी माझ्याकडूनच रंगवून घेतली: 'आमच्याकडे करपलेलं वाढत नाही.' पोरांच्या आया मला विचारायच्या, मॅडम, तिथं लेकरांना न्यावं का? मी म्हणायची, बिनधास्त न्या. माझे स्वतःचे बाबा तिथे जेवायचे. दर रविवारी कडुलिंबाखाली त्यांची खुर्ची मांडलेली असे, आणि ताट दाजी स्वतः आणून ठेवत.

पुढे रस्त्याच्या पलीकडे दुसरा ढाबा झाला. तिथे माणसाएवढ्या ज्वाळा उठत, आणि पोरं मोबाईलमध्ये त्यांचे व्हिडिओ काढत. दाजींकडची गर्दी पांगली. ताई काळजीत होती, पण दाजी म्हणायचे, "येतीन वापस." आणि काही महिन्यांनी लोक खरंच परत आले. मला वाटलं, खरं ते टिकलं.

एका दुपारी आमच्या मुख्याध्यापकांच्या निरोपाचं जेवण होतं. मी सगळ्या शिक्षकांना हौसेनं तिथेच नेलं, न कळवता. ताटं आली. तुकड्यांच्या कडा कोळशासारख्या. शेजारच्या बाईंनी पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तुकडा बाजूला ठेवला.

मी ढाब्याच्या मागे गेले. तिथे अर्धं कापलेलं लोखंडी पिंप होतं, त्यात जाळ भडकलेला. दाजी वरून लोणी सोडत होते, आणि धुरात कोंबडी तडतडत होती.

"काऊन, दाजी?"

त्यांनी वळून बघितलं. दचकले नाहीत. "लोकायले काळंच लागते, शालू. पाह्यलं मी लय दिवस."

"मंग पाटी काऊन ठेवली?"

"पाटी पाहून बाया-लेकरं येतात."

मी विचारलं, "आन् बाबाचं ताट?"

"मामायचं अलग भाजतो. समोरच्या भट्टीवर. त्यायले एक तुकडा काळा नाही देल्ला आजवर. आईची आन."

ते विसरले असते तर मी समजून घेतलं असतं. पण बाबांच्या ताटापुरतं त्यांना सगळं आठवत होतं. मी पाठवलेली लेकरं मात्र त्यांनी या जाळापाशी आणून बसवली होती.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून पांढरा रंग आणला, खुर्चीवर चढले आणि पाटीवरची अक्षरं रंगवून मिटवली. दाजी दारात उभे राहून बघत होते. खुर्ची डगमगत होती. ताई आली आणि तिनं खुर्ची धरली.

बाबांना मी घरी सगळं सांगितलं. तरी रविवारी ते नेहमीसारखे निघाले. दाजींनी ताट आणलं तेव्हा बाबा म्हणाले, "हे नको. त्या टेबलावर जे देल्लं, ते आन."

"मामा, तुम्हाले ते चालत नाही."

"त्यायले चालते?"

दाजी ताट हातात घेऊन तसेच उभे राहिले. ना पुढे आले, ना मागे गेले. बाबांनी थोडी वाट पाहिली, पायात चपला सरकवल्या आणि उपाशीच घरी आले. त्यानंतर ते तिकडे गेले नाहीत. ढाबा जोरात चालतो. ताई सणावाराला येते. दाजी तिला फाट्यावर सोडून परत जातात.

ज्या माणसानं परक्या दवाखान्यात माझ्या बापाचं अंग पुसलं, त्याचा मला धड राग करता येत नाही, आणि त्याच्यावर विश्वासही ठेवता येत नाही. घरी मी कोंबडी अजून त्यांच्याच पद्धतीनं भाजते. मागे शाळेतल्या मैत्रिणी जेवायला आल्या होत्या. एकीनं विचारलं, एवढी मऊ, आणि कुठे डाग नाही, कुणी शिकवलं?

"आमच्या दाजींनी."

"दुसरबीडवाले ना? मग एकदा त्यांच्याच हातचं खायला जाऊ."

मी तिच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला आणि म्हणाले, "तिथं नका जाऊ."