मधूभाऊजींच्या पायाखालची फळी

शेखचाचा जिना चढून वर आले, तेव्हाच मी ओळखलं. आमच्या आळीत फोन एकच, त्यांच्या गॅरेजमध्ये, आणि साधासुधा निरोप असला तर ते खालूनच हाक मारायचे. "भाभी, जरा बसून घ्या," ते म्हणाले. मी बसले नाही. मी विचारलं, "भाऊजींना मागून गाडीनं उडवलं ना?" चाचा गोंधळले. "नाही हो... स्टेशनवर बाकावर बसले होते, गाडीची वाट बघत. बसल्या जागीच गेले. हार्ट." माणूस गेल्याचं कळल्यावर कुणी असा प्रश्न विचारतं का? पण मागून आलेल्या गाडीचा भोंगा माझ्या दिराला ऐकू येत नव्हता, आणि हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, त्यांना आणि मला. निदान मी तसं समजत होते.

आम्ही बासष्ट साली चिंचवड गावात राहायला आलो. भाड्याच्या दोन खोल्या, वरचा मजला, फळ्यांची जमीन. आमचे हे आणि मधूभाऊजी दोघंही पिंपरीच्या एकाच कारखान्यात लागले. हे स्टोअरमध्ये, भाऊजी प्रेस शॉपमध्ये. तिथं दिवसभर पत्र्यावर घण पडावेत तसा आवाज. कानात कापसाचे बोळे घालणाऱ्याला बाकीचे बायकी म्हणून हसायचे, म्हणून भाऊजींनी कधी घातले नाहीत. कंपनीच्या गणपतीत ऑर्केस्ट्रा व्हायचा. त्यातल्या एका गोव्याच्या फिटरकडून ते बेस गिटार शिकले आणि बघता बघता असे शिकले, की फिटरनं ती गिटार त्यांनाच देऊन टाकली. गाण्यात बेसकडे कुणाचं लक्ष नसतं, पण तो काढून घेतला तर गाणं अधांतरी लटकतं, असं भाऊजी म्हणायचे. घरी ॲम्प्लिफायर नव्हता. मग ते गिटारचं टोक आमच्या लोखंडी कपाटाला टेकवून वाजवायचे. सगळं कपाट घुमायचं, आतल्या चांदीच्या वाट्या किणकिणायच्या आणि खालच्या घरमालकीणबाई वर बघून ओरडायच्या, "मास्तरीणबाई, घरात गिरणी घातली काय?"

पुढे मुंबईहून बोलावणी यायला लागली. आधी रजा टाकून, मग शिफ्ट बदलून आणि शेवटी नोकरी सोडूनच ते जायला लागले. रेकॉर्डिंगवाल्यांत मधू आहे का, मधू मोकळा आहे का, असं विचारलं जायचं. ते मोकळे नसले तर रेकॉर्डिंगची तारीखच पुढे ढकलली जायची म्हणे. मला भारी अभिमान वाटायचा. शाळेत वर्गातल्या मुलींना मी सांगायची, रेडिओवर गाणं लागलं की खालून जे धुमधुम ऐकू येतं ना, ते आमच्या घरातलं आहे.

आणि मग तो दिवस आला. शेखचाचांनी एक ट्रक दुरुस्त केला होता आणि त्याचा भोंगा वाजवून बघत होते. सगळी आळी कानांवर हात ठेवून उभी. भाऊजी ट्रकच्या पुढ्यात, पाठमोरे, शांतपणे चपलेचा अंगठा बसवत होते. त्यांच्या अंगावर साधा शहाराही आला नाही. मी खिडकीतून किंचाळले, तेही त्यांना कळलं नाही. ट्रक सुरू झाला, जमीन थरथरली, तेव्हा कुठं ते बाजूला सरकले. वर आल्यावर मी त्यांच्या समोर उभी राहून विचारलं, "कधीपासून?" ते माझ्या ओठांकडे बघत होते. मग एकदम लहान मुलासारखे हात जोडले. "वहिनी, कुणाला सांगू नका. दादालासुद्धा नाही. एकाला जरी कळलं तरी मला पुन्हा कुणी बोलावणार नाही हो." मी म्हटलं, मग वाजवता कसे? त्यांनी गिटारच्या कडेवर हनुवटी टेकवली आणि तार छेडली. "हाडातून येतं," ते म्हणाले.

मी मुळातच भित्री बाई, पालीलाही घाबरते. त्या दिवसापासून तर भीतीनं माझ्या घरी बिऱ्हाडच केलं. ते घराबाहेर पडले की हमरस्त्यावरचे ट्रक माझ्या छातीवरून जायचे. त्यांना मी बजावलं होतं, रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालायचं, समोरून येणारं दिसेल असं. घरात जेवायला बोलवायचं तर मी फळ्यांवर पाय आपटायची. थरथर त्यांच्यापर्यंत पोचायची आणि ते हसत उठून यायचे. ह्यांना वाटायचं, हिला हल्ली राग फार येतो. घरमालकीणबाईंना काय वाटायचं ते त्यांनी सगळ्या आळीला सांगितलं होतं.

एकदा मी हट्टानं त्यांच्याबरोबर रेकॉर्डिंगला गेले. केवढी माणसं, केवढी व्हायोलिनं! भाऊजी ड्रमवाल्या फ्रान्सिसच्या शेजारी, हनुवटी गिटारवर टेकवून. गंमत म्हणजे दोन तरुण गिटारवालेही तशीच हनुवटी टेकवून बसले होते. मधूची स्टाइल म्हणे! मला हसू येणार तेवढ्यात काचेपलीकडून रेकॉर्डिंगच्या साहेबांचा स्पीकरवर आवाज आला, "मधू, दुसऱ्या अंतऱ्याला जरा थांबून ये." भाऊजी कागदाकडेच बघत होते. सगळं चिडीचूप. पुन्हा आवाज आला, "मधू?" झालं, आता कळलं सगळ्यांना... त्याच वेळी फ्रान्सिसनं सहज पाय आपटला, भाऊजींनी मान वर केली. फ्रान्सिस त्यांच्याकडे तोंड करून म्हणाला, "दुसरा अंतरा, थांबून." गाणं सुरू झालं. वाचलो, असं मी मनात म्हटलं आणि कुलदैवताला नारळ कबूल केला.

मुंबईवाले त्यांना सारखे सांगायचे, दादरला जागा बघून देतो, येऊन राहा. ते कधी गेले नाहीत. चोवीस तास त्या लोकांत राहिलं तर पितळ उघडं पडेल, ही धास्ती. रेकॉर्डिंग संपलं की सगळे चहाला जायचे, भाऊजी स्टेशन गाठायचे. लग्नाचाही विषय काढू द्यायचे नाहीत. लोक म्हणाले, मोठा झाला, शिष्ट झाला. चार मित्रांत बसून हसणं त्यांना किती आवडायचं, हे मला माहीत होतं. तो शिष्टपणा आठवला की मला अजूनही संताप येतो, त्यांचा नाही, त्या भीतीचा.

तेराव्याला फ्रान्सिस आला. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक फळी. पाटापेक्षा लांब, कडा झिजलेल्या. "वैनी, ही मधूची. तुमच्याकडेच असू दे." मला काही कळेना. तो खाली बघत म्हणाला, "याचं एक टोक त्याच्या पायाखाली असायचं, दुसरं माझ्या. फरशी गार लागते, असं त्याला सांगितलं होतं. मी पायानं ताल द्यायचो, त्याला पोचायचा."

"म्हणजे तुम्हाला..."

"सगळ्यांना, वैनी. लई वर्षं झाली. काचेमागच्या साहेबांनाही. फक्त मधूला कळू द्यायचं नाही, असं ठरलं होतं. आम्हाला भीती वाटायची ना. त्याला कळलं असतं तर तो लाजेनं यायचाच बंद झाला असता. मग आम्ही कुणाबरोबर वाजवायचं?"

मी फळी हातात घेतली. इकडे आम्ही दोघं जीव मुठीत धरून बसलेलो, तिकडे ती सगळी खोली जीव मुठीत धरून बसलेली, आणि मध्ये एक चहाचा कप, जो भाऊजींनी कधी घेतलाच नाही. मी रडले ती त्या दिवशी. स्टेशनच्या बाकावरून त्यांना आणलं, तेव्हा रडले नव्हते.

आता घरात भ्यायला काही उरलेलं नाही. ट्रक जातात, जाऊ देत. तरी उठून खिडकीशी जाते, रस्त्याची उजवी बाजू बघते आणि परत येते. गिटार कपाटाला टेकवून ठेवली आहे, फळी तिच्यासमोर, ते बसायचे तिथंच. परवा आमची दोघांची पानं वाढली आणि सवयीनं माझा पाय आपटला गेला, नेमका त्या फळीवर. समोरचं कपाट हलकेच घुमलं. आतल्या वाट्या किणकिणल्या. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठले आणि तिसरं पान मांडलं.