शववाहिनीचा ताप

गाडी तापली की लोक आधी बॉनेट उघडायचे, मग तोंड उघडायचे, आणि दोन्हींतली वाफ निघून गेल्यावर तापवैद्याकडे यायचे. तापवैद्य हे अर्थातच आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. बाजाराच्या मागच्या गल्लीत, रद्दीवाला आणि चष्मेवाला यांच्या मधल्या गाळ्यात हा माणूस चाळीस वर्षांपासून जुन्या गाड्या दुरुस्त करत होता. त्यातही इंजिन तापणं या एका दुखण्यावर त्याचा असा जीव, की ब्रेक लागत नाही म्हणून कोणी आलं तरी आधी रेडिएटरला हात लावून बघायचा.

त्याची तपासणी बघण्यासारखी. आल्या आल्या हत्याराला हात नाही. मालकाला स्टुलावर बसवायचं आणि विचारायचं, “कधी तापते? उभी असताना की पळताना? चढाला की सपाटीला?” मालक म्हणाला, “तापते बुवा, कधीही तापते,” की तापवैद्य उखडलाच. “बायकोला ताप आला तर डॉक्टरला असंच सांगता का? मग ती जिवंत कशी?” मग गार इंजिनाचं झाकण उघडून पाण्यात बोट बुडवायचं, चोळायचं, हुंगायचं. तेलकट लागलं तर एक दुखणं, गंज लागला तर दुसरं. इंजिन चालू करून पाण्यात बुडबुडे येतात का ते बघायला तर असा वाकायचा, जणू विहिरीत पडलेली अंगठीच शोधतोय.

आणि एवढं सगळं झाल्यावर दहातल्या सात वेळा उपाय एकच. थर्मोस्टॅट काढून टाकायचा.

थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरची मुठीएवढी झडप. इंजिन गार असलं की मिटलेली. तापलं की आपोआप उघडते आणि पाण्याला गार व्हायला रेडिएटरकडे सोडते. जुन्या गाड्यांत ती मिटल्या जागीच अडकून बसायची आणि गाडी उकळायची. तापवैद्याने तरुणपणी एकदा वैतागून ती उपटून फेकली. गाडी गार झाली, आणि त्याला साक्षात्कार झाला, की पाण्याच्या वाटेवर दरवान हवाच कशाला? तेव्हापासून काढलेली प्रत्येक झडप गाळ्याच्या भिंतीवर खिळ्याला टांगायची आणि खाली खडूने गाडीचा नंबर लिहायचा. शिकाऱ्याने मुंडकी लावावीत तशी. एकशे बारा होत्या. गिऱ्हाईक ती भिंत बघूनच निम्मं बरं व्हायचं.

त्या भिंतीवर शववाहिनीचीही एक झडप होती. अकरा वर्षांपूर्वी काढलेली.

शववाहिनी म्हणजे सव्वीस वर्षांची व्हॅन. इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मध्ये, एका झाकणाखाली. चालवायला तापवैद्याचा साडू. चौदा वर्षं ती गाडी त्याच्याच हातात. शांत माणूस. त्याचे प्रवासी तक्रार करत नसत आणि तोही कोणाची करत नसे. स्मशान नदीकाठी सपाटीला होतं तोवर सगळं ठीक चाललं होतं. पण तिथे पुरायला जागा उरली नाही, आणि स्मशानाच्या विश्वस्तांनी टेकडीवर जागा घेतली. वरून देखावा फार सुंदर दिसतो म्हणे. ज्यांना तिथे कायमचं राहायचं त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

टेकडीचा चढ तीन किलोमीटरचा. दोन महिन्यांत शववाहिनी त्यावर तीनदा उकळली, तीही एकाच वळणावर. पहिल्या वेळी लोक सावलीला थांबले. दुसऱ्या वेळी त्यांनी ढकलली. तिसऱ्या वेळी आत निवृत्त हेडमास्तर होते. या माणसाने जन्मभर पाच मिनिटं उशीर झाला म्हणून पोरांना बाहेर उभं केलं, आणि स्वतःच्या अंत्यविधीला दोन तास उशिरा पोचला. त्यांचे माजी विद्यार्थी खूश होते. विश्वस्त मात्र खवळले.

विश्वस्तांचे अध्यक्ष म्हणजे औषधांच्या दुकानाचे मालक. त्यांनी तापवैद्याला बोलावून घेतलं. तापवैद्याने तोवर रेडिएटर धुऊन आणला होता, पट्टा बदलला होता, पंप बदलला होता, झाकण नवं घातलं होतं. गाडी तरी उकळतच होती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि ‘मला कळत नाही’ हे तीन शब्द त्याच्या तोंडात बसत नव्हते.

“गाडीत दोष नाही,” तो म्हणाला. “ड्रायव्हर चढावर गाडी कुथवतो. क्लचवर पाय ठेवून बसतो.”

अध्यक्षांनी ते वहीत लिहून घेतलं. साडूला घरी बसवलं. शनिवारच्या बैठकीत नवा ड्रायव्हर नेमायचं ठरलं. साडूने तिथे येऊन किल्ली द्यायची. वय अठ्ठावन्न. चौदा वर्षं मयतं वाहिलेल्या माणसाला शाळेच्या बसवर कोण ठेवणार?

बातमी तापवैद्याच्या आधी त्याच्या घरी पोचली. बायको दारातच उभी होती.

“भावोजींचा पाय क्लचवर असतो, हे तुम्हाला कुठून दिसलं? गाडीखाली झोपला होतात?”

“अंदाज असतो गं आमचा.”

“तुमच्या अंदाजावर ताईचं घर बसलं! सकाळपासून रडतेय ती. भावोजी तर बोलतसुद्धा नाहीत.”

“ते एरवी तरी कुठे बोलतात?”

ही चूक झाली. पुढची दहा मिनिटं तापवैद्याने खाली मान घालून ऐकली आणि शेवटी तोही पेटला. “बरं, मी स्वतः नेतो गाडी वर! थंडगार नेतो. मग तर पटेल?”

“न्याच. मीही येते.”

गुरुवारी दुपारी ताईकडून किल्ली आणून दोघं निघाली. मयताच्या वजनाची वाळूची पोती मागे टाकली. तापवैद्याने गाडी अशी चालवली, की परीक्षेला बसला असता तर पहिला आला असता. योग्य वेळी गिअर, क्लचवरून पाय लांब, हात घड्याळातल्या दहा आणि दोनवर. तापमानाचा काटा मात्र चढतच गेला. त्याच वळणावर तो लाल रेघेला टेकला, झाकणाखालून फुस्स झालं, आणि काच पांढरी झाली.

बायकोने पदराने काच पुसली. “क्लचवरून पाय काढा हं,” ती म्हणाली.

अर्धा तास दोघं दगडावर बसून राहिली. गाडी निवल्यावर त्याने पाणी भरलं, इंजिन नुसतंच चालू ठेवलं आणि सीटांमधलं झाकण वर केलं. काटा पुन्हा वर सरकू लागला तेव्हा इंजिन बंद करून तो म्हणाला, “जरा हात लाव. ही वरची नळी, ही खालची. कशा लागतात?”

“वरची चटका देतेय.” तिने खालची दाबून पाहिली. “ही कोमट. बाळाला न्हाऊ घालावं इतकी.”

“म्हणजे पाणी रेडिएटरमधून फारसं जातच नाही. इंजिनातलं इंजिनातच घुमतंय.”

“आणि ही बारकी नळी कसली?”

“ती पळवाट. इंजिन गार असतं तेव्हा पाणी हिच्यातून मागच्या मागे फिरतं. मग तापलं, की थर्मोस्टॅट वर उघडतो आणि त्याच्याच खालची चकती ही पळवाट बंद करते. म्हणजे मग सगळं पाणी रेडि...”

तो थांबला.

“बोला ना.”

“काही नाही.”

“चकती पळवाट बंद करते. पुढे?”

“या गाडीला चकती नाही.”

“कुठे गेली?”

तापवैद्याने दूर गावाकडे पाहिलं. “भिंतीवर,” तो म्हणाला.

ती हसली नाही, हेच फार लागलं त्याला. त्याने मुकाट्याने बारक्या नळीला फडकं गुंडाळलं, पकडीने ती चिमटली आणि पकडीचे दांडे तारेने आवळले. गाडी सुरू केली. उरलेला सगळा चढ काटा निम्म्यावर आला तो तिथेच बसला, जेवून सुस्तावलेल्या माणसासारखा. सपाटीला अकरा वर्षं त्या गाडीने अर्ध्या पाण्यावर भागवलं होतं. चढ लागला तेव्हा तिचं पितळ उघडं पडलं. तिचं कसलं? त्याचं.

“उद्या गुपचूप नवी झडप बसवतो,” उतरताना तो म्हणाला. “जुनी गंजून आवळली असेल. सांगतो, झाली गाडी बरी.”

“आणि भावोजी?”

“सांगेन, त्यांना समज दिली. आता नीट चालवतील.”

“म्हणजे आधी नीट चालवत नव्हते.”

तापवैद्याने उगाचच गिअर बदलला.

“तुम्ही भिंत वाचवा,” ती म्हणाली. “मी ताईकडे जाते राहायला. तिला आता सोबत लागेल.”

शनिवारी औषधांच्या दुकानाच्या वरच्या खोलीत बैठक भरली. अध्यक्ष आणि तीन विश्वस्त टेबलामागे. दाराशी खुर्चीच्या अगदी कडेवर साडू बसलेला, हातात किल्ली. तापवैद्य आला आणि उभाच राहिला. कितीही महागड्या गाडीपुढे न घाबरणाऱ्या माणसाचे कान लाल झाले होते.

“त्या दिवशी मी खोटं बोललो,” तो म्हणाला. “ड्रायव्हरचा दोष नाही. अकरा वर्षांपूर्वी मी गाडीची झडप काढली. ती या इंजिनातून काढायची नसते. मला माहीत नव्हतं. आणि तुम्ही विचारलंत, तेव्हा माहीत नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून याच्या पायावर ढकललं.”

खाली दुकानात गोळ्या मोजल्याचा आवाज वर स्पष्ट येत होता.

“चार माणसांत सांगताय हे,” अध्यक्ष म्हणाले. “उद्या तुमच्याकडे गाडी कोण आणेल?”

“बघू. आधी याचं बोला.”

“पण आज खरं बोलताय हे कशावरून? साडू आहे तुमचा. घरून दट्ट्या आला असेल.”

“आलाच आहे,” तापवैद्य म्हणाला. “म्हणून खोटं ठरतं का ते? नवी झडप घातलीय. हा चालवेल. तुम्ही चौघं मागे बसा. वजनही मिळेल.”

विश्वस्तांनी एकमेकांकडे पाहिलं. नाही म्हणावं तर भित्रे ठरतो, हो म्हणावं तर शववाहिनी. शेवटी अध्यक्ष उठले म्हणून बाकीचे उठले.

बाजारातून गाडी निघाली तेव्हा लोकांनी रिवाजाप्रमाणे टोप्या काढल्या. मागच्या काचेतून औषधवाल्यांनी हात केला. दोघांनी टोप्या पुन्हा घातल्या, तिसरा मटकन खाली बसला.

साडूने गाडी रोजच्यासारखीच चालवली, ना हळू ना जोरात. तापवैद्य शेजारी बसून काट्याकडे असा बघत होता, की पापणी लवली तर काटा उडेल. वळण आलं. काटा निम्म्यावर. वळण गेलं. काटा निम्म्यावर. टेकडीच्या माथ्यावर साडूने गाडी लावली आणि चौदा वर्षांच्या सवयीने हातब्रेक दोनदा ओढला.

मागून धपाधप आवाज सुरू झाले. त्या दाराला आतून कडीच नव्हती. बांधणाऱ्याला गरज वाटली नव्हती. स्मशानाचा राखणदार नोंदवही घेऊन लगबगीने आला, दार उघडलं आणि चार जण एकामागून एक बाहेर पडले.

“चार?” राखणदार कपाळाला हात लावून म्हणाला. “मला एकाचंही कळवलं नव्हतं!”

अध्यक्षांनी कपडे झटकले, घाम पुसला आणि साडूकडे वळले. “सोमवारी सकाळी सातला ये. किल्ली राहू दे तुझ्याकडेच.”

साडूने मान डोलावली. किल्ली खिशात टाकली आणि खिसा वरून एकदा चाचपला.

परतताना मागे बसायला चौघांपैकी एकही तयार होईना. दोघं पुढच्या सीटवर कोंबून बसले, अध्यक्ष आणि उरलेला एक ‘हवा छान आहे’ म्हणत चालत निघाले. तापवैद्य रस्त्यात उभा राहिला.

“दादा,” तो साडूला म्हणाला. एवढ्या वर्षांत हे पहिल्यांदाच. “झालं गेलं ते... म्हणजे मी...”

“मागे बसा,” साडू म्हणाला.

तापवैद्य निमूटपणे मागे चढला आणि गुरुवारपासून तिथेच राहिलेल्या वाळूच्या पोत्यावर टेकला. साडूने दार बाहेरून लावलं, खटका नीट पडला का ते पाहिलं, आणि मग सावकाश, अगदी सावकाश, राखणदाराच्या खोलीकडे पाणी प्यायला गेला.