हद्दीचे दगड आणि मामांचं पोट

जगातल्या सगळ्या माणसांना इतर अवयवांबरोबर एक पोटही असतं; माझ्या बायकोच्या मामांना मात्र आधी पोट मिळालं होतं आणि मग त्या पोटाची ने-आण करायला पाय, त्याची बडदास्त ठेवायला हात आणि त्याची कैफियत मांडायला तोंड देण्यात आलं होतं. संग्रहणीनं त्यांना ऐन पंचविशीत गाठलं, आणि मी त्यांना ओळखू लागलो तेव्हा त्या दोघांच्या संसाराला वीस वर्षं होऊन गेली होती. मामींशी त्यांचं लग्न त्यानंतरचं, त्यामुळे घरात थोरलेपणाचा मान संग्रहणीचा. जव्हार संस्थानच्या जंगलखात्यात मामा हद्दीचे कारकून होते आणि मी त्यांच्या हाताखाली उमेदवार. मला नोकरी मिळाली म्हणून त्यांनी भाची दिली, की भाची द्यायची म्हणून नोकरी लावली, हे आमच्या घरात अजून ठरायचं आहे. पोटाबद्दल मामा कधी एकेरीत बोलत नसत. "आज ते जरा नाराज आहेत," "काल त्यांनी फार सांभाळून घेतलं," असं चालायचं. नवख्या माणसाला वाटे, महाराजांविषयीच बोलताहेत.

अशा माणसानं मऊ भात आणि ताक यांवर दिवस काढावेत, याबद्दल वैद्यबुवा आणि सरकारी दवाखान्यातले डॉक्टर यांचं एकमत होतं. एरवी ते दोघं एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. पण मामांचा जीव अडकला होता तो नेमका कठीण कवचाच्या वस्तूंत. बदाम, अक्रोड, काजू, पिस्ते, रानातली चारोळी, बिब्ब्याच्या पोटातली गोडंबी, जे जे फोडून काढावं लागतं ते ते त्यांना प्रिय. "जावईबापू," ते मला समजावून सांगत, "निसर्गानं ज्याला एवढं कडीकुलूप घालून ठेवलंय, ते वाईट कसं असेल? वाईट वस्तू कुणी कुलपात ठेवतं का?" दोष दाण्यात नसून खाण्याच्या पद्धतीत आहे आणि योग्य पद्धत सापडली की पोट आपण होऊन शरण येईल, अशी त्यांची खात्री होती. ती पद्धत ते वीस वर्षं शोधत होते. बदाम रात्रभर पाण्यात, मग सोलून, मग सहाणेवर सात वळसे. काजू तुपात परतलेला, तूप पुन्हा फडक्यानं टिपलेलं. आणि शेंगदाणा मुळीच नाही, कारण शेंगदाणा जमिनीखाली वाढतो आणि जो तोंड लपवून वाढतो त्याचा भरवसा धरू नये.

एक दाणा खाऊन झाला की पुढचा लगेच नाही. मांडी घालून, घड्याळ समोर ठेवून ते पोटाच्या उत्तराची वाट पाहत. कचेरीतून शिपाई बोलवायला आला तरी "उत्तर आलं की येतो" एवढंच सांगत, आणि शिपाईही ते तसंच्या तसं कारभाऱ्यांच्या कानावर घाली. चघळण्याचंही शास्त्र होतं. अक्रोडाचा तुकडा तोंडात पाणी होईपर्यंत गिळायचा नाही आणि तोवर बोलायचं नाही. मी मुलगी पाहायला गेलो त्या दिवशी घरातलं वडीलधारं माणूस म्हणून मामा समोर बसले होते आणि दुर्दैवानं त्यांच्या तोंडात अक्रोड होता. मी विचारलं, "मुलीला लिहायला-वाचायला येतं ना?" मामांनी बोट वर करून थांबायची खूण केली. पोहे आले, पोहे निवले, मुलगी येऊन बसून आत गेली, मी होकार दिला, सुपारी फुटली, आणि मग मामा म्हणाले, "येतं की!"

हे सगळं ज्याच्या जोरावर चालत होतं ती त्यांची वैशाखातली फिरती. पावसाआधी हद्दीच्या कारकुनानं संस्थानची सारी हद्द पायाखाली घालायची, प्रत्येक दगड जागेवर आहे का पाहायचं, त्याला चुना द्यायचा आणि रोजनाम्यात नोंद करायची, असा शिरस्ता होता. मोखाड्याच्या अंगाला तर एका ओहोळाच्या अलीकडे महाराजांचं रान आणि पलीकडे इंग्रजी मुलूख; ओहोळ आटला की दोन्ही रानं सारखीच दिसत. त्या फिरतीवर मामांचा इतका जीव होता, की पळसाचा बहर संपत आला की ते आपणहून काठी पुसायला घेत. घरात कुरकुरणारा हा माणूस हद्दीवर पोरासारखा चाले. आणि हद्दीचा एकूणएक दगड त्यांना ठाऊक होता, कारण जवळजवळ प्रत्येक दगडाच्या आडोशाला त्यांना कधी ना कधी घाईघाईनं बसावं लागलं होतं. "हा काजूचा," "हा दोन पिस्त्यांचा," "इथे मी उपाशी असूनही बसलो होतो, तो अन्याय आहे," अशी ओळख ते मला करून देत. संस्थानचा नकाशा कचेरीत टांगलेला होता, पण कुणी त्याच्याकडे पाहत नसे, मामांना विचारत.

याचा उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं. पण एका वर्षी पलीकडचे अंमलदार मोजणीचे कागद घेऊन हद्दीवर आले आणि एका दगडावरून वाद लागला. दगड होता तिथे धरला तर आमची सागाची चांगली वीसेक झाडं पलीकडे जात होती. मामांनी दगडाला एक फेरी मारली आणि म्हणाले, "हा दगड इथला नव्हे. कुणीतरी हलवलाय." अंमलदारांनी पुरावा मागितला. मामा शांतपणे म्हणाले, "साहेब, तीन वर्षांमागे दोन अक्रोडांपायी मला या दगडाआड बसावं लागलं. बराच वेळ बसलो. समोर हेदाचं झाड होतं आणि त्याच्या ढोलीत पोपटाची जोडी. इथे बसलं तर ढोली दिसत नाही. वाटल्यास बसून दाखवतो." साहेबांनी घाईनं त्याची गरज नाही म्हणून सांगितलं. मग मामा खालच्या बाजूला वीसेक पावलं चालत गेले, अर्धवट खाली बसून मान तिरकी केली, आणि म्हणाले, "इथे." तिथे खणलं तर हातभर खाली जुना कोळसा निघाला. हद्दीचा दगड रोवताना त्याच्याखाली कोळसा पुरायची रीत आहे. दगड हलवणारा कोळसा हलवायला विसरला होता. सागाची झाडं आमच्याकडे राहिली आणि दरबारातून मामांना एक शेला मिळाला. शेला त्यांनी पोटाला गुंडाळला.

पुढे कारभारी बदलले. नवे कारभारी शिस्तीचे होते आणि आजारी नोकरानं रानोमाळ हिंडावं हे त्यांना पटेना. वाटेत मामांचं काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण? त्यांनी हुकूम काढला: यंदाची फिरती पूर्ण होईपर्यंत हद्दीच्या कारकुनाची प्रकृती रोजच्या रोज रोजनाम्यात लिहावी, उमेदवारानं खाली सही करावी, आणि एकदाही त्रास झाला तर पुढल्या वर्षापासून फिरती बंद, कायमची दप्तरात नेमणूक. हुकूम ऐकून मामा उठले. घरी गेले, फडताळातले डबे काढले आणि बदामापासून चारोळीपर्यंत सगळं शेजारी वाटून टाकलं. मामींना वाटलं, आता आपले दिवस आले. पण चार दिवसांत त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "अगं, हे नुसते भिंतीकडे बघत बसतात. यापेक्षा ते कुटकुट चघळणं बरं होतं."

मऊ भात, ताक आणि वरईची पेज यांवर मामा हद्द चालले. पोट गप्प होतं. मी रोज संध्याकाळी 'प्रकृती उत्तम' असं लिहीत होतो आणि सही ठोकत होतो. शेवटच्या मुक्कामाचे तेवढे पाच-सहा दगड राहिले होते, आणि त्याआधी मोखाड्याच्या वाटेवर एक लहानसा पाडा लागत असे. तिथल्या एका म्हातारीशी मामांची जुनी ओळख. तिचं घर म्हणजे कुडाच्या चार भिंती, पण त्या रानातली चारोळी फोडावी तर तिनंच. चारोळीची फळं, म्हणजे चारं, वाळवून ती जात्यावर अशी हलक्या हातानं भरडी, की टरफल उडून जाई आणि दाणा अख्खा राही. त्या पाड्याची एक रीत होती: वर्षाची पहिली चारोळी आधी पाहुण्यानं खायची, मग पाड्यानं. आणि त्या सुमाराला येणारा पाहुणा म्हणजे गेली कित्येक वर्षं आमचे मामाच.

आम्ही पोचलो तेव्हा पाड्यातली सगळी माणसं अंगणात वाट पाहत बसली होती. म्हातारी पळसाच्या पानावर चारोळीची ओंजळ घेऊन पुढे आली. "सायेब, यंदा गोडंबी पन घातली हां. तुमाला आवडं म्हनून फोडली." गोडंबी काढणं सोपं नसतं; बिब्ब्याचं तेल लागून तिच्या बोटांवर काळे फोड उठलेले दिसत होते.

मी मध्ये पडलो. "आजी, साहेबांना यंदा मनाई आहे. पोट बिघडेल."

"असा कसा?" ती म्हणाली. "पाव्हन्यान् खाल्ल्याबिगर आमची पोरा हात नाय लावत. मंग यंदा चारोळी नाय खावाची काय आमी?"

मी मामांच्या कानाशी लागलो. म्हटलं, नुसती तोंडाला लावल्यासारखी करा, म्हातारीला कुठे कळणार आहे. मामांनी माझ्याकडे पाहिलं. "तिनं बोटं जाळून घेतलीत, जावईबापू," ते म्हणाले, आणि अंगणात मांडी घालून बसले. घड्याळ काढलं नाही. एक दाणा खाऊन उत्तराची वाट पाहिली नाही. सगळी ओंजळ, गोडंबीसकट, चवीनं, मान डोलावत खाल्ली, आणि पान उलटं करून म्हातारीला दाखवलं. मग पाड्यानं हात लावला. त्यांना इतकं खूश मी त्याआधी किंवा त्यानंतर पाहिलेलं नाही, आणि माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

उत्तर यायला फार वेळ लागला नाही. चढावर पहिल्याच दगडाशी ते आडोशाला गेले, तिसऱ्याशी पुन्हा गेले, आणि परत आले तेव्हा चेहरा हळदीसारखा पिवळा आणि काठीवर सगळा भार. उरलेले दगड त्यांनी तसेच केले. प्रत्येकाला स्वतःच्या हातानं चुना दिला. संध्याकाळी मुक्कामावर मी रोजनामा काढला, नेहमीसारखं 'प्रकृती उत्तम' लिहिलं आणि सही करणार तेवढ्यात त्यांनी वही मागितली.

"कुणी पाहिलंय?" मी म्हटलं. "तुम्ही, मी आणि चार दगड. फिरती आज संपली. मामा, एवढ्या एका ओळीसाठी सगळं घालवू नका."

त्यांनी माझ्या ओळीवर रेघ मारली. खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'एक ओंजळ चारोळी व गोडंबी भक्षण केली. त्रास झाला. दोन वेळा थांबावे लागले,' आणि दगडांचे क्रमांकही टाकले. "ही हद्दीची वही आहे," ते म्हणाले. "यात मी पोटाचं खोटं लिहिलं, तर दगडांचं खरं कोण मानेल?" एवढं बोलून ते भिंतीकडे तोंड करून निजले. मला त्यांचा राग आला होता, आणि तो बरेच दिवस गेला नाही.

हुकूम हुकुमासारखा झाला. मामा दप्तरात बसू लागले. वेळेवर घरी, वेळेवर मऊ भात, दुपारी घटकाभर डोळा. आणि जे वैद्यबुवांना वीस वर्षांत जमलं नाही ते दप्तरानं वर्षभरात केलं: संग्रहणी गेली. डॉक्टरांनी पाठ थोपटली. मामांच्या अंगावर मांस चढलं, गाल वर आले, ते चारचौघांसारखे दिसू लागले. ती बातमी मीच घरोघर सांगितली.

पुढल्या वैशाखात हद्दीवर मी एकटा गेलो. नकाशा बरोबर घ्यावा लागला. पाड्यावर म्हातारीनं माझ्यामागे वाटेकडे पाहत विचारलं, "सायेब कुठं?" मी म्हटलं, साहेबांना आता खुर्चीची जागा मिळाली. पाहुणा म्हणून पहिली ओंजळ मी खाल्ली. मला चारोळी आवडत नाही. निघताना तिनं मामांसाठी एक पुडी बांधून दिली.

जव्हारला पोचताच मी ती घेऊन त्यांच्याकडे गेलो. वाटेत मनात म्हणत होतो, आता बरे झालेत, आता खायला हरकत काय. मामांनी पुडी सोडली. दाणे अख्खे होते, गोडंबीही होती. त्यांनी घटकाभर पाहिलं, पुडी पुन्हा नीट बांधली आणि माझ्या हातात दिली. "मुलांना द्या," ते म्हणाले. मग दप्तरात वाळवी फार झालीय, कडुनिंबाचा पाला घालून पाहावा म्हणतो, असं बरंच काही सांगत राहिले. हेदाच्या झाडाबद्दल विचारतील म्हणून मी थांबलो होतो. नाही विचारलं.

घरी आलो तेव्हा बायकोनं विचारलं, "मामा कसे आहेत?"

"अगदी छान आहेत," मी म्हटलं, आणि ते सांगताना मला रडू येईल की काय असं वाटलं.