हळदणकर नव्हे, हाल्डेनकर: बेक्सहिलचा एक रविवार

बेक्सहिलला जायचं ठरलं ते भांडणातून. माझे सासरे, आबा, पुण्यात मराठीचे मास्तर होते. आमच्याकडे इंग्लंडात, ब्रॅकनेलला आल्यापासून माझ्या लेकीच्या, सईच्या, प्रत्येक वाक्यावर त्यांचं लाल पेन फिरत होतं. "तो चावी नाही गं, ती चावी!" सई इथेच जन्मलेली, ए-लेव्हल्सला, म्हणजे आपल्या बारावीला आहे. हिस्टरीच्या प्रोजेक्टसाठी तिने नेपोलियनच्या काळातला एक जर्मन बॅरन निवडलाय. आबा म्हणाले, "मला सांग की त्याची गोष्ट. पण मराठीत. जमायचं नाही तुला."

झालं! पोरगी पेटली. म्हणाली, तो बॅरन राहिला त्या बेक्सहिललाच चला, तिथे सांगते. आबांचं परतीचं विमान पुढच्या आठवड्यात. नातीला आपली भाषा येत नाही, हेच मनात घेऊन ते जाणार की काय, हीच मला धास्ती.

रविवारी सकाळी निघालो. एम-ट्वेंटीफाइव्ह हायवे नेहमीसारखा तुंबलेला, पुढे ए-ट्वेंटीवन बरा. दोन-अडीच तास धरून चाला. समुद्रासमोर रस्त्याकडेलाच पार्किंग मिळालं. किनाऱ्यावर वाळू कमी आणि गोटेच फार, तेव्हा चपला नकोत, बूट घाला.

"बॅरन फॉन हाल्डेन," सईने समुद्राकडे पाठ करून सुरुवात केली. "फॉन म्हणजे त्या गावाचा. आपल्यात 'कर' लावतात ना, तसं. हाल्डेनकर."

"हळदणकर?" आबांनी कानामागे हात नेला. "म्हणजे कोकणातले की!"

मी हसून हसून बेजार! शेजारच्या बाकावरची इंग्लिश आजीसुद्धा काही न कळता हसायला लागली.

मग मात्र सई सुटली. नेपोलियनच्या फौजेने त्याचं जर्मन राज्य, हॅनोव्हर, घेतलं आणि बॅरनची जमीन, घर, मानमरातब सगळं गेलं. हॅनोव्हरचा धनी आणि इंग्लंडचा राजा एकच, म्हणून तो बोटीत बसून इथे आला आणि राजाच्या जर्मन पलटणीत शिरला. पलटणीचा तळ होता याच गावात. बोलत बोलत आम्ही जुन्या गावाकडे चढून गेलो. बराकी केव्हाच गेल्या, एका रस्त्याच्या नावात तेवढं 'बॅरक' उरलंय.

"वॉटर्लूला त्याचा घोडी मेला, पण तो मागे नाही गेला," सई म्हणाली. मी आबांकडे पाहिलं. लाल पेन खिशातच राहिलं; पुढे सांग, अशी त्यांनी मान हलवली. "लढाई संपल्यावर तो गावी गेला. तिथे काहीच नव्हतं, मग परत आला. इथल्या मुलीशी लग्न केलं. त्याच्या मुलांना जर्मन येत नव्हता. हाल्डेन त्यांनी कधीच बघितला नाही. पण नावातला फॉन नाही सोडला." ती आबांकडे वळली. "आबा, मी पण पाटण कधी बघितला नाही. तरी मी पाटणकरच ना?"

आबांनी चष्मा काढला. "अगं, म्हणजे काय!" ते म्हणाले. माझा ऊर अभिमानाने भरून आला, लपवू कशाला?

खाली येऊन फिश अँड चिप्स घेतले. आबा शाकाहारी, त्यांनी चिप्स आणि डब्यातलं थालीपीठ खाल्लं. तिघांचं पंचवीसेक पाउंडात भागलं. चिप्सवरचं व्हिनेगर आबांना चक्क आवडलं.

बेक्सहिलला बघण्यासारखं फार नाही, असं तुम्हाला कोणीही सांगेल. खुशाल सांगू देत. मी तर म्हणते, घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि मुलांना सोबत घेऊन जा आणि बोलू द्या मुलांना.

दुसऱ्या दिवशी आबांनी पुण्यातल्या मित्राला फोन लावला. स्पीकरवर, अर्थातच. मित्राने विचारलं, "काय रे, नातीला मराठी येते का?"

"येते की! चुकते, दणकून चुकते," आबा म्हणाले. "पण तू मला सांग, तुझ्या कोथरूडच्या नातवाने तुला कधी दोन तास मराठीत काही सांगितलंय?"