फीत कापायची कात्री

सहा मुली पाण्यात उलट्या झाल्या आणि बारा पाय बारा वेळांना वर आले. काठावरच्या प्रमुख पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. हा प्रकार असाच असतो, असं त्यांना वाटलं असावं. शेजारच्या क्रीडा अधिकाऱ्यांना तसं वाटलं नाही. वर्ध्याच्या या जलतरण तलावातला संध्याकाळचा तास आमच्याकडे ठेवायचा की नाही, हे ते त्याच दिवशी ठरवणार होते. पल्लवीला रोज हिंगणीहून मोटरसायकलवर आणणाऱ्या तिच्या वडिलांनी मला आधीच बजावलं होतं, "हा तास गेला त पोरीले आननं बंद, मॅडम. सकाळी मले भाजी घेऊन बाजारात जा लागते."

मी सिंक्रोनाइज्ड स्विमिंग शिकवते. म्हणजे गाण्याच्या तालावर सगळ्यांनी पाण्यात एकसारख्या हालचाली करायच्या. अडचण एवढीच, की डोकं पाण्याखाली गेलं की काठावरचं गाणं धड ऐकू येत नाही. त्यासाठी पाण्यात सोडायचा स्पीकर लागतो. आमच्याकडे तो नव्हता. दोन वर्षं मी तलावाच्या स्टीलच्या शिडीवर झारा आपटून आठ-आठ आकडे मोजत होते. तो ठोका पाण्यात खणखणीत पोचतो.

शेवटी स्पीकर आला, पण खोक्यातच राहिला.

"चार दिवस सराव तरी करू द्या," मी तलावाच्या मॅनेजरना म्हणाले.

"तुमीच आधी वापरला, त पाहुणे कायचं उद्घाटन करतीन?"

झाराही त्यांनी ऑफिसात कुलपात ठेवला. पाहुण्यांसमोर बरा दिसत नाही म्हणून.

पाहुण्यांनी फीत कापली. स्पीकर पाण्यात गेला आणि उत्तम वाजला. पण मुलींची त्याच्याशी ओळखच नव्हती.

पल्लवी शिडीपाशी वर आली. "मॅडम, गानं ऐकू येऊन राह्यलं. पन तुमी झारा काऊन नाई वाजवून राह्यल्या?"

फितीच्या तबकात शिंप्याची वजनदार कात्री होती. मी ती उचलली.

"अवो मॅडम, ते पाहुण्यांची हाय!" मॅनेजर म्हणाले.

"गाणं पहिल्यापासून लावा," मी म्हणाले आणि शिडीवर ठोके द्यायला लागले. या खेपेला बारा पाय एकदम वर आले.

तास राहिला. अहवालात अधिकाऱ्यांनी लिहिलं, नव्या यंत्रामुळे मुलींचा ताल सुधारला.

ताल मुलींच्या अंगात भिनला आहे, असं मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत होते. तो माझ्या हातात होता. आता आठवड्यातले तीन दिवस मीच झारा कुलपात ठेवायला लावते आणि मुली नुसत्या गाण्यावर सराव करतात. किल्ली मॅनेजरकडे.