अमावस्येला बंद पडणारा कॉम्प्युटर

आमच्या मांडवगणच्या डेअरीत कॉम्प्युटर आला तेव्हा त्यातला दुधाचा प्रोग्राम माझ्या सुनेनं लिहिला होता. ती शिरूरला कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायची. मी चौथी पास. प्रोग्राम लिहितात म्हणजे नेमकं काय करतात, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

तो कॉम्प्युटर अमावस्येला बंद पडायचा. एरवी ठणठणीत. सून शिरूरहून येईपर्यंत कारकुनानं पुन्हा चालू केलेला असायचा. तिला काहीच सापडायचं नाही. दूध घालणाऱ्या बायांनी कॉम्प्युटरच्या पडद्याला लिंबू-मिरची बांधली.

"बाधा झालीया त्याला," शेजारीण म्हणाली.

"मग तुझ्या दिराला झाली तेव्हा पाजलीस तशी त्यालाबी दारू पाज," मी म्हणाले. बाधेवर माझा विश्वास नाही. पण दिवस तर चुकत नव्हता. मग खरं काय धरायचं?

डेअरीचे चेअरमन, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, घरी आले. "सूनबाई, ही अमावस्या शेवटची. परत अडलं तर पुण्याचा माणूस आणतो. रांगेतली लोकं माझी आई-माई काढत्यात."

सुनेचं हे पहिलंच काम होतं. ते गेलं असतं तर शिरूर तालुक्यात तिला दुसरं कुणी दिलं नसतं.

त्या आठवड्यात तिनं प्रोग्रामला काहीतरी जोडलं. म्हणाली, "आत्या, आता तो काय काय करतोय ते एकेक ओळ स्वतःच लिहून ठेवील. आयतं मिळतं, त्याला लायब्ररी म्हणतात. नवख्यालाही जमतं, चार ओळींचं काम."

"तुझाच प्रोग्राम ना? मग तो काय करतो ते तुला ठाऊक न्हाई व्हय?"

"मी तिथं नसते ना तेव्हा."

अमावस्येला तो पुन्हा अडला. आप्पा उठून उभे राहिले. सून धापा टाकत आली. या खेपेला तिनं कारकुनाला काही विचारलं नाही. त्या ओळी उघडल्या आणि शेवटची मोठ्यानं वाचली, "दूध शून्य लिटर, भाव काढतो आहे." त्यापुढं काही नव्हतं.

आमच्याकडं बऱ्याच घरांत अमावस्येचं दूध विकत नाहीत, म्हसोबाला खीर करतात. पण खाडा पडला तर दिवाळीच्या बोनसला कात्री लागते. म्हणून बाया रिकाम्या हातानं डेअरीत येऊन शून्य लिहून घेतात. प्रोग्राम पैशाला लिटरनं भागून भाव काढायचा. शून्यानं भागता येत नाही म्हणे, म्हणून तो मरायचा.

"बिनदुधाची बाई डेअरीत कशाला येईल, असं वाटलं मला," सून म्हणाली. ती दौंडची, रेल्वे क्वार्टरात वाढलेली. तिला कोण सांगणार?

"काहीच न्हाई त्याला भागायचं कशाला?" मी विचारलं.

"तेच आता त्याला सांगते."

तिनं तिथंच बसून दुरुस्ती केली. कारकुनानं शून्य टाकलं. चिठ्ठी बाहेर आली. आप्पांनी ती दोन्ही बाजूंनी पाहिली, जणू मागं काही छापलं असेल.

"पुढच्या अमावस्येला?" त्यांनी विचारलं.

"चालंल," सून म्हणाली.

"मग पुण्याच्या माणसाला नको म्हणून कळवतो." लिंबू-मिरची मात्र त्यांनी काढू दिली नाही.